डेमो गाडीला कुंकू

शोरूममधल्या माणसाने मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "सर पार्किंग में हैं क्या, मैडम?"

सर पार्किंगमध्ये नव्हते. सर जाऊन तेरा वर्षं झाली होती. पण हे मी त्याला सांगितलं नाही, कारण गाडी बघायला आलेल्या बाईने आधी नवऱ्याची हजेरी लावावी असा नियम कुठे लिहिलेला मी वाचलेला नाही. मी म्हटलं, "गाडी मैं ही देखूँगी और मैं ही चलाऊँगी." यावर तो हसला. वाईट नाही हसला, शेजारचं पोर 'मी मोठेपणी विमान चालवणार' म्हणतं तेव्हा आपण हसतो तसा. माझं डोकं तापायला एरवीही फार सरपण लागत नाही, तेवढं हसू पुरेसं होतं.

मी नकाशे काढते. नोकरीच ती आहे. नव्या राजधानीचे रस्ते जमिनीवर उतरायच्या आधी आमच्या ऑफिसातल्या टेबलांवर उतरले, आणि त्यातले कित्येक माझ्या हातचे आहेत. मग एके दिवशी आमचं ऑफिसच त्या नकाशात राहायला गेलं. रायपुरातल्या आमच्या रेल्वे कॉलनीमागच्या पाऱ्यातून, म्हणजे मोहल्ल्यातून, नवा रायपूर म्हणजे रोजचं जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर. ऑफिसची बस होती, पण ती सुटायची साहेबांच्या सोयीने. दोन पावसाळे मी ती बस सोसली, आणि चाळिशी ओलांडल्यावर गाडी शिकून एक छोटी पांढरी गाडी घेतली. अकरा वर्षं ती चालवली. डबा सासूबाई करून देत, तो शेजारच्या सीटवर ठेवायचा आणि निघायचं. या अकरा वर्षांत डब्यालाही एकदा उशीर झाला नाही आणि मलाही.

आता त्या गाडीचा दम संपत आला होता. आणि मला हवी होती ती गाडी वेगळीच होती. ऑफिसच्या रस्त्यावर रोज सकाळी एक सेडान माझ्या मागून यायची आणि बघता बघता पुढे निघून जायची. लांब, बुटकी, जमिनीला चिकटून धावणारी. मुलगी पुण्याहून फोनवर हिंदीत सांगायची, "मम्मी, ऊँची वाली लो, सेफ रहती है." आमच्या ऑफिसातले लोक म्हणायचे, या वयात ऑटोमॅटिक घ्या. या वयात म्हणजे कोणत्या वयात, हे विचारलं की सगळे चहा प्यायला लागायचे. कोणीच सुचवली नव्हती अशी ती एकच गाडी होती, आणि म्हणूनही मला ती हवी होती.

पण राग त्या माणसाच्या हसण्याचा नव्हता एवढा. मुरलेला राग जुन्या गाडीचा होता, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

ती पांढरी गाडी घरी आली तेव्हा मला वैधव्य येऊन दोन वर्षं झाली होती. गाडी माझ्या पगाराची, कागदावर नाव माझं, शोरूमपासून घरापर्यंत चालवत आणली मी. फाटकाशी थांबले तर समोर शेजारच्या काकू नव्या पातळात ताट घेऊन तयार. सासूबाईंनी बोलावून ठेवलं होतं. गाडीला हळद-कुंकू सवाष्णीने वाहायचं. सासूबाई दारातूनच मला म्हणाल्या, "तू जराशी मांगं राह्य." काकूंनी माझ्या हातातली किल्ली घेतली, ताटात ठेवली, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, ओवाळलं, नारळ फोडला. त्या काकू, ज्यांना साधी सायकलही येत नाही आणि ज्या रिक्षात बसल्या की डोळे मिटून घेतात. मी पायरीवर उभी होते. माझ्याच गाडीच्या पूजेला मी पाहुणी. काकूंनी पेढा दिला तो मी हसून खाल्ला, आणि तेच मला अजून सहन होत नाही. त्या दिवशी मी एक शब्द बोलले नाही. पुढे अकरा वर्षं त्याच घरात, त्याच सासूबाईंच्या हातचं खात राहिले, तरी तो विषय काढला नाही. मनात मात्र पक्कं करून ठेवलं होतं की पुढची गाडी येईल तेव्हा तिला पहिला हात माझा लागेल. कोणी ताट घेऊन मध्ये आलं तर गाडी वळवून परत नेईन, पण मागे उभी राहणार नाही.

म्हणून या वेळी शोरूमला कधी जाणार हे मी कोणालाच सांगितलं नाही. फक्त सासूबाईंना बरोबर न्यावं लागलं. बाथरूममध्ये पडल्यापासून त्यांना घरी एकटं ठेवत नव्हते.

"कुठं जाऊन राहिलो आपन?" त्यांनी विचारलं.

"गाडीसाठी, आई. शोरूमले."

"हव," म्हणाल्या आणि आत जाऊन आपली कापडी पिशवी घेऊन आल्या. ती पिशवी नेहमीचीच. पाण्याची बाटली, जपमाळ, दोन केळी. आत मी पाहिलं नाही.

शोरूममध्ये आधी एका माणसाने माझ्या जुन्या गाडीची पाहणी केली. बदल्यात द्यायची तर किंमत ठरवावी लागते, ते ठीक. पण तो गाडीभोवती फिरत होता तो हुंड्यासाठी मुलगी नाकारायला आलेल्या माणसासारखा. प्रत्येक ओरखड्याभोवती मेणाच्या खडूने गोल काढत गेला, लाल गोल. मागच्या दरवाजावर चार, बंपरवर तीन, बॉनेटवर मधोमध एक. अकरा वर्षांत मी एका गाईला वाचवायला एकदा दुभाजकाला घासले होते, तेवढा एक माझा. बाकीचे सगळे पार्किंगमध्ये लोकांनी दिलेले. पण त्याच्या लेखी सगळे माझेच. "लेडीज़ गाड़ी है न," तो दुसऱ्याला म्हणाला, मी शेजारी उभी असताना.

सुरुवातीला हसलेला तो विक्रीवाला माणूस पस्तिशीचा, टाय लावलेला, पोट सुटलेला. त्याने मला आधी तीन वेगळ्याच गाड्या दाखवल्या. तिन्ही उंच. मी ज्या गाडीपाशी जाऊन उभी राहत होते तिथून तो मला हाताने वळवत होता. "मैडम, वो थोड़ी स्पोर्टी है. माताजी के लिए नीची भी पड़ेगी." माताजी तोवर खुर्चीत बसून त्याचीच चौकशी करायच्या तयारीत होत्या.

"तुमी कोनीकडचे जी?"

"यहीं के, माताजी. दादाजी अमरावती से आए थे."

"मंग मराठी काहून नाही बोलत?"

"समझता हूँ, माताजी," तो ओशाळून म्हणाला. "बोल नहीं पाता." तेवढ्या एका वाक्यापुरता तो मला बरा वाटला.

टेस्ट ड्राइव्हला तोच आधी चालवायला बसला, मी शेजारी, सासूबाई मागे. म्हणे नियम आहे. तेलीबांध्याच्या तलावापर्यंत जायचं आणि वळून यायचं, एवढीच चक्कर, तीही अर्धी त्याने मारायची. तेलीबांध्याच्या गर्दीत सहा गिअरची गाडी म्हणजे जत्रेत घोडा विकत घेऊन हाताने ओढत नेणं. तो तिसऱ्या गिअरच्या पुढे गेलाच नाही. त्यावर मला विचारतो, "कैसी लगी?" मी म्हटलं, "आपने चलाई है, आप बताइए." मग तलावाजवळ मी त्याला उतरायला लावलं, किल्ली मागून घेतली आणि सांगितलं की मी आता नव्या रायपूरला जाते, यायचं तर या. तो शेजारी येऊन बसला.

आणि मग मात्र मी चालवली. क्लच एवढासा, गिअर मनगटाच्या एका झटक्यात पडणारा, वेग वाढला की स्टिअरिंग जड होऊन हाताशी बोलायला लागतं. तो रुंद, मोकळा रस्ता माझ्या हातावरच्या तिळासारखा मला ठाऊक आहे. कुठे वळण किती अंशाचं आहे, कुठे चढ संपून उतार लागतो, वेगाच्या मर्यादेचा बोर्ड कोणत्या खांबापाशी आहे, सगळं. तो बोर्ड नकाशात मीच दाखवला होता, तेव्हा ती मर्यादा मोडायचा प्रश्न नव्हता. मर्यादेच्या आतही ती गाडी अशी पुढे झेपावत होती की मला एकटीला हसू येत होतं. कितीतरी वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं, ते लपवून काय करू.

पहिल्या चौकाशी माझ्या लक्षात आलं की शेजारच्या बहाद्दराचा डावा हात दाराच्या दांडीवर आणि उजवा हँडब्रेकवर आहे.

"हाथ हटाइए वहाँ से," मी म्हटलं.

"सेफ्टी के लिए, मैडम."

"किसकी?"

त्याने हात काढून मांडीवर ठेवला. मागून सासूबाई म्हणाल्या, "खाली बसल्यासारखं वाटते, पन पोटातलं पानी हालत नाही वं." मी आरशात पाहिलं. पिशवी उराशी धरून त्या बाहेर बघत होत्या.

सचिवालयाच्या अलीकडच्या एका गोल चौकाशी त्याला फोन आला, साहेबाचा असावा, कारण तो गाडी थांबवायला सांगून उतरून लांब जाऊन बोलायला लागला. मी कडेला झाडाखाली गाडी लावली. सासूबाई म्हणाल्या, "मले उतरव." गाडी खरंच नीची, त्यांना काढायला मला दोन्ही हात लावावे लागले. उभं राहून त्यांनी श्वास घेतला, पदर सारखा केला आणि पिशवीतून एक स्टीलची ताटली काढली. मग कुंकवाचा करंडा. मग हळद, अक्षता, एक नारळ, दोन लिंबं.

मी बघतच राहिले. "हे काय, आई?"

"काय म्हंजे? गाडी घेतली नं आपन? त्यानं किल्ली तुह्या हातात देल्ली, म्या पाहिलं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्या मते गाडी विकत घेऊन झाली होती. सासऱ्यांनी सायकल घेतली तेव्हा दुकानदाराने एक चक्कर मारू दिली होती, आणि चक्कर मारलेली सायकलच घरी आली होती. चालवून बघायची आणि परत ठेवून यायची, असा प्रकार त्यांच्या हिशोबात कधी आलाच नव्हता. मी सांगणार होते. तोंड उघडलंही होतं. पण त्यांनी ताटली माझ्या हातात दिली.

"घे. कर."

"मी?"

"मंग कोन? चालवून तर तूच राहिली."

अकरा वर्षं गिळलेलं तेव्हा बाहेर आलं. मी भर रस्त्यात, वाहनं जात असताना, त्यांना म्हटलं, "आज मी चालते, आई? तवा काहून नाही चालली? तवाबी गाडी मीच चालवत आनली होती. तवा मले पायरीवर उभं केलं अन् बाहेरची बाई बोलावली. माह्या हाताले तवा काय झालं होतं?"

मला वाटलं, त्या धर्माचं काहीतरी सांगतील, रीत आहे म्हणतील. मी त्यावरची उत्तरं कित्येक वर्षं तयार करून ठेवली होती. त्या झाडाला टेकल्या आणि म्हणाल्या, "मले भेव वाटलं वं."

"कशाचं?"

"पोरगा गेला होता माहा. अन् तू रोज एवढ्या दूर जानार. आपल्या दोघींच्याबी हाताले यश नाही असं वाटे मले. माह्या हातानं काही केलं तर तुले काही होईन, तुह्या हातानं केलं तर तुलेच होईन. म्हून तिले बोलावलं." मग म्हणाल्या, "अकरा वर्स तू गेली अन् आली. मी रोज फाटकाचा आवाज होयेपर्यंत देवापाशी बसून राहो. काय झालं तुह्या हाताले? काहीच नाही झालं."

ऐकून मी विरघळले असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला अजून जास्त राग आला. त्यांच्या भीतीला धर्म समजून मी इतकी वर्षं दात खात होते, आणि त्यांनी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. आणि भीती असली म्हणून काय झालं? ज्या जगाने दोन बायकांना पटवून दिलं की त्यांच्या हाताला यश नाही, त्या जगाचाही मला राग आला, पण ते जग तिथे चौकात सापडण्यासारखं नव्हतं. मी ताटली घेतली. गाडी डेमोची आहे, शोरूमची आहे, संध्याकाळपर्यंत तिच्यात आणखी चार जण बसणार आहेत, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरीही मी हळदीत बोट बुडवलं, मग कुंकवात, आणि त्या चकचकीत पांढऱ्या बॉनेटवर चांगलं वीतभर स्वस्तिक काढलं. अक्षता वाहिल्या. लिंबं पुढच्या चाकांखाली ठेवली. नारळ कडेच्या दगडावर एका घावात फोडला.

त्या आवाजाने विक्रीवाला पळत आला.

"मैडम, ये क्या कर दिया? ये तो डेमो गाड़ी है."

"डेमो म्हंजे?" सासूबाईंनी मला विचारलं.

"म्हंजे सगळ्यांची, आई. सगळे चालवून पाहतात अन् ठेवून जातात."

त्यांनी थोडा विचार केला. "मंग सगळ्यांची पूजा झाली. वाईट काय झालं त्यात?"

त्याने खिशातून पिवळं फडकं काढलं आणि बॉनेटकडे धावला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पुसू नोको, बाबू. आपल्या हातानं पुसत नाही ते." तो थबकला. अमरावतीचा आजोबा कुठेतरी जागा झाला असणार, कारण त्याने फडकं घडी करून परत खिशात ठेवलं. परतीची गाडीही मीच चालवली.

शोरूममध्ये मॅनेजर वाटच बघत होता. डेमो गाडी पुजलेली बघून गिऱ्हाइकांना वाटेल की विकली गेली, हळदीने रंग पिवळा पडेल, असं बरंच काही तो बोलला. तोवर मी ऐकून घेतलं, कारण चूक माझी होती आणि धुण्याचा खर्च देते असं मी आपणहून म्हटलं होतं. पण मग तो म्हणाला, "घर में कोई जेंट्स हों तो उनसे बात करा दीजिए." एवढ्यावर मी पर्स उचलली. तशीच गाडी मी पुढे दुर्ग शहरात जाऊन घेतली, पण त्या शोरूमच्या काचेला मी पुन्हा बोटही लावलं नाही.

बाहेर माझी जुनी गाडी उन्हात उभी होती, अंगभर लाल गोल. सासूबाई तिच्यापाशी थांबल्या.

"मंग आपली हीच हाय अजून?"

"हव, हीच."

त्यांनी त्या गोलांवरून बोट फिरवलं. खडू निघाला नाही. "हिची पूजा तर तिनं केली होती," म्हणाल्या. मग पिशवीत हात घालून म्हणाल्या, "थोडं कुंकू उरलं हाय. हिचीबी करून टाक तू."

मी करंडा घेतला आणि उघडून त्यांच्याच पुढे धरला. "आधी तुमी."

त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. तेव्हा मला आठवलं, गाडी आली त्या दिवशी मी पायरीवर होते, आणि त्या माझ्याही मागे, दाराच्या आत, अंधारात उभ्या होत्या. सासरे गेल्यापासून त्या तिथेच उभ्या होत्या. हे मी अकरा वर्षांत एकदाही मोजलं नव्हतं. माझ्या अपमानात मला त्यांची जागा दिसलीच नव्हती, आणि आता रागवायला माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं.

"माहा हात नोको वं," त्या म्हणाल्या. "काही होईन."

"काय होईन? अकरा वर्स याच हातचा डबा खाऊन हे गाडी चालवली म्या."

मग पदराखालून उजवा हात बाहेर आला. बॉनेटवर मधोमध जो लाल गोल होता, त्याच्या आत त्यांनी कुंकवाचं स्वस्तिक काढलं. थोडं वाकडं आलं. शोरूमच्या काचेआडून तिघेचौघे बघत होते, बघोत. मी हळदीचे चार ठिपके दिले आणि आम्ही घरी निघालो.

फाटकाशी शेजारच्या काकू उभ्या होत्या. जुनीच गाडी, आणि तिला ताजं कुंकू, हे बघून त्या चक्रावल्या. "आज काय हाय वं? पूजा होती तं मले बोलावलं काहून नाही?"

मी काही बोलायच्या आधी सासूबाईंनी काच खाली केली. "बोलावाचं काम नाही पडलं," त्या म्हणाल्या. "घरच्या बाया होत्या नं दोन."